हौदाच्या भिंतीतला चुना

८ जानेवारी २०२५, वसमत

तीन महिन्यांत पाहिलेला हा सातवा हौद, आणि कामाचा असा पहिलाच. आधीचे सहा कोणी ना कोणी कधीतरी आतून नवं प्लास्टर करून वाया घालवलेले. परवा अब्बांपुढं फोनवर रडगाणं गायलं तर म्हणाले, "जवळा बाजारला ग्यानबाच्या रानात आहे की. निजामाच्या काळातल्या जिनिंगचा. मुलूखभर फिरायच्या आधी बापाला विचारायचं होतंस." अब्बा गवंडी. चाळीस वर्षांत या पट्ट्यातली कुठली भिंत कोणी उभी केली, हे त्यांना तोंडपाठ असतं. (ते घरात दखनी बोलतात, मी इथं मराठीत लिहिते. शाळेपासूनची सवय.)

आज त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. जिनिंग कधीच मोडलं. कापसाला आग लागली तर पाणी हवं म्हणून जमिनीत बांधलेला हौद तेवढा उरलाय. वीस फूट लांब, दहा फूट खोल, दीड फुटाची सिमेंट काँक्रीटची भिंत. कोपऱ्यात उर्दू आकड्यांत १३४३ फसली, म्हणजे १९३३-३४. ग्यानबा काकांच्या वडिलांनी जमीन घेतली तेव्हापासून तो एकदाही कोरडा पडलेला नाही. जनावरं तेच पाणी पितात, रानातल्या बायाही तेच पितात.

नव्वद वर्षं सतत पाण्यात उभं असलेलं सिमेंट. मला नाचावंसं वाटलं.

अणुभट्टीतला कमी तीव्रतेचा कचरा सिमेंटात कालवून पिंपात भरतात, आणि पिंपांभोवती पुन्हा सिमेंट ओततात. हे सगळं जमिनीखाली शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षं राहायचं असतं. सिमेंटात चुना आहे तोवर आतली घातक द्रव्यं सहसा जागची हलत नाहीत. पण भोवतालचं पाणी तो चुना हळूहळू चोरतं. किती हळू? प्रयोगशाळेत आम्ही तीन वर्षं बघतो आणि हजार वर्षांचं भाकीत करतो. म्हणून जुनं सिमेंट शोधायचं. माझ्या पीएचडीची सगळी वर्षं यात गेली. आता सहावं संपत आलंय.

येताना अब्बा म्हणाले, "ग्यानबाला नीट सांगून टाक."

"काय?"

"हे कशासाठी चाललंय ते. लहानपणापासूनचा दोस्त आहे माझा. समजेल त्याला."

मी म्हटलं, अणुकचरा हा शब्द एकदा तोंडातून गेला की पुढचं कोणी ऐकत नाही. मी खोटं बोलणार नाही. जुन्या सिमेंटचा अभ्यास म्हणेन, आणि तो तर आहेच.

अब्बांनी मान पुढे वळवली आणि गाडीचा वेग वाढवला. उशीर झाला होता म्हणून असेल.

११ जानेवारी

पाच नमुने निघाले. काल मोटर लावून अर्धा हौद उपसला होता. आज मशीननं भिंतीत मनगटाएवढी भोकं पाडून दंडगोल काढले. अब्बांनी भोकं लगेच बुजवली आणि वरून हात फिरवला तो असा की कुठं भोक होतं ते मलाही सापडेना.

हैदराबादच्या माझ्या संस्थेचा संमतीचा अर्ज चार पानी, इंग्रजीत. ग्यानबा काकांनी विचारलं, "काय लिव्हलंय ह्यात?"

"नमुने घ्यायला तुमची हरकत नाही, एवढंच."

"हरकत कशाची. गुलामभाईची लेक तू." आणि सावकाश, एकेक अक्षर जपून, सही केली. नियमाप्रमाणे एक प्रत मालकाला द्यायची असते. ती त्यांच्या नातीकडे दिली. आरोही बारावी सायन्सला आहे. हैदराबादला शिकायला काय लागतं, होस्टेल कसं असतं, मुली एकट्या राहतात का, असं दिवसभर विचारत होती. माझा चष्माही घालून पाहिला.

दुपारची गोष्ट लिहून ठेवायला हवी. नमुना फोडून आम्ही त्यावर एक द्रव फवारतो. चुना शिल्लक असेल तिथं गुलाबी होतं, गेला असेल तिथं रंग येत नाही. मी बाटली शोधत होते तोवर ग्यानबा काकांच्या पत्नी, चतुराबाई काकू, जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "चुनाच बघायचा ना? मग त्याला बाटली कशाला लागती." घरात गेल्या, ओली हळद घेऊन आल्या आणि बोटानं ताज्या तुकड्यावर चोळली. आतला भाग कुंकवासारखा लाल झाला. पाण्याकडच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी पट्टी तेवढी पिवळीच राहिली.

"एवढा पाण्यानं खाल्ला," काकू त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या. "बाकीचा हाय अजून. मजबूत बांधलंय."

माझा अख्खा प्रबंध एका वाक्यात. मी हसले. अब्बा हसले नाहीत. माझ्याकडे बघत होते.

१९ जानेवारी, हैदराबाद

मोजमापं आली. पाण्याच्या बाजूनं चुना फक्त नऊ मिलिमीटर खोलीपर्यंत गेलाय. पाचही नमुन्यांत जवळपास तेवढाच. झीज काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढते: काळ शंभरपट, तर झीज दहापट. नव्वद वर्षांत नऊ मिलिमीटर म्हणजे नऊ हजार वर्षांत नऊ सेंटिमीटर. माझे गाइड असलेल्या सरांनी सहा वर्षांत पहिल्यांदा मला बसायला खुर्ची ओढून दिली. म्हणाले, असा पुरावा देशात कोणाकडे नाही. तळाचेही नमुने हवेत, हौदाच्या मालकाला धरून ठेव.

"धरून ठेव" मला खटकलं. पण आनंद झाला हेही खरं.

२३ जानेवारी

आरोहीनं तो अर्ज वाचला. सगळा, डिक्शनरी घेऊन. आणि पहिल्या पानाचा फोटो स्टेटसला ठेवला: 'आमच्या हौदावर अणुसंशोधन!' खाली लाल रंगाची दोन हृदयं.

गावात मुंजाजी नावाचा माणूस मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो. त्यानं तेच पान उचललं. 'न्यूक्लिअर वेस्ट' या शब्दांभोवती लाल वर्तुळ. खाली: 'जवळ्याच्या मातीत अणुकचरा पुरणार? सही कोणाची?' अम्मीला तो व्हिडिओ सकाळपासून नऊ जणांनी पाठवला.

पोरीला अक्कल नको का, असं मी अम्मीला म्हणाले. अम्मी म्हणाली, "लेकरानं कौतुकानं टाकलं गं."

सव्वीसला ग्रामसभा आहे. मला यायला सांगितलंय.

२६ जानेवारी, वसमत

जशी झाली तशी लिहिते.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. अब्बा वसमतचे, गावचे मतदार नाहीत म्हणून त्यांना दारातच थांबवलं. मी वीस मिनिटं बोलले. इथं काही पुरणार नाही, इथून फक्त जुन्या सिमेंटचे तुकडे नेले, ते प्रयोगशाळेत आहेत. मागून एकजण म्हणाला, "मंग कागदावर त्यो शब्द काहून हाय?" मी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा तेच विचारलं. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्याचं उत्तर अकरा जानेवारीला, सहीच्या आधीच द्यायचं होतं.

मग मुंजाजी उठला, मोबाईल वर धरून. "आपन सरळ पोलिसात जाऊ. अडाणी माणसाला फसवून सही घेतली, असा गुन्हा दाखल होतो या बाईवर. ग्यानबादादा, तुमीच सांगा. हे म्हाईत होतं का तुमाला? सांगितलं होतं का हिनं?"

ग्यानबा काका पुढच्या सतरंजीवर बसले होते. ते उठले, टोपी काढून हातात घेतली. आधी दाराकडं पाहिलं, अब्बा उभे होते तिकडं. मग म्हणाले,

"व्हय. समदं सांगितलं होतं. समजून-उमजून सही केली म्या."

"कचऱ्याचं बी?"

"त्याचं बी."

मग एकदम कालवा झाला. "म्हंजी तूच इकून बसला व्हय रं गाव?" कोणीतरी म्हणालं, आणि मग तेच सगळे म्हणू लागले. काका खाली बसले. टोपी पुन्हा घालायचं विसरले.

मी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या हातात माईकसुद्धा होता.

मी माईक टेबलावर ठेवला आणि बसले.

२७ जानेवारी

रात्री झोप आली नाही, तरी विचार स्वच्छ आहे. मालकाला पुरती कल्पना न देता नमुने घेतले हे सिद्ध झालं असतं तर प्रकल्प रद्द, पदवी रद्द, कदाचित गुन्हाही. काकांनी आपणहून मला वाचवलं. त्यांनी दिलेलं मी त्यांच्यादेखत भिरकावून द्यायचं होतं का? त्यांचाच अपमान झाला असता. आणि असली प्रकरणं महिनाभरात विसरतात लोक.

अब्बा चहा घेताना एवढंच म्हणाले, "उठून बोलायचं होतंस."

"अब्बा, सहा वर्षं गेली आहेत माझी."

"हं," म्हणाले. कप विसळून पालथा घातला आणि बाहेर गेले.

सरांना फोन केला. त्यांना हायसं वाटलं. मालकानं जाहीर सभेत कबूल केलं ना, मग सभेच्या इतिवृत्ताची नक्कल घेऊन ठेव, फाइलला लागेल. ग्रामसेवकानं ती मला एका तासात दिली. त्यावर शिक्काही आहे.

१६ फेब्रुवारी, हैदराबाद

अम्मीचा फोन. हळदीची काढणी सुरू झालीय. ग्यानबा काकांना मजूर मिळत नाहीत म्हणून अब्बा रोज तिकडं जातात, कंद शिजवायला मदत करतात. मी म्हटलं, हल्ली सगळीकडेच मजुरांची बोंब आहे.

अब्बा सध्या बांधकामाचं काम घेत नाहीत म्हणे. अम्मी म्हणाली, गुडघा दुखतोय. दुखऱ्या गुडघ्यानं रोज पंचवीस किलोमीटर जाऊन हळदीच्या कढईपाशी कसं उभं राहतात, हे विचारायचं राहून गेलं. तेवढ्यात सरांचा फोन आला.

१० मार्च

शोधनिबंध पाठवला. तळाच्या नमुन्यांशिवायच, पण पाठवला. सर म्हणतात, ते परीक्षक मागतीलच, तेव्हा जाऊन घेऊ. आज नववा रोजा. चार वाजता डोळ्यांपुढं अंधारी आली तरी आकृत्या पूर्ण केल्या. सातवी आकृती फार देखणी झालीय.

१ एप्रिल, वसमत

काल ईद झाली. आज शिरखुर्म्याचा डबा घेऊन जवळ्याला गेले. दरवर्षी अब्बा नेतात. या वर्षी म्हणाले, तू जा, मी येत नाही. त्यांचं घमेलं, थापी, ओळंबा, सगळं अंगणातल्या भिंतीशी धुऊन नीट मांडलेलं आहे. घमेल्यात कोळ्यानं जाळं केलंय. बासष्टाव्या वर्षी का होईना, माणूस विश्रांती घ्यायला शिकला, याचं बरं वाटलं.

रानात गेले तर हौद नाही.

म्हणजे आहे, पण मुरूम भरलाय, आणि वर सिमेंटचा जाड थर ओतून बंद केलाय. काम अब्बांचं. कडा बघूनच ओळखलं.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय गेलं ते लिहायलाच हवं. मी काकूंना म्हणाले, "बुजवायच्या आधी मला एक फोन तरी करायचा होता." तळाचे नमुने.

काकू हळद निवडत होत्या. हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

"बाया येईनात रानात," त्या म्हणाल्या. "त्या हौदाचं पानी नको म्हणं. पानी घरून आनू म्हनलं, तरी नको. निम्मी हळद जमिनीतच राह्यली. बाकीची आमी तिघांनी शिजवली, गुलामभाई, हे आन् मी. वसमतला न्हेली तर अडत्यानं मूठभर हातात घेतली, वास घेतला, आन् परत पोत्यात टाकली. कुठल्या पान्यात शिजवली म्हणं. मग ह्यांनीच म्हनलं, हौद बुजवून टाकू. बुजवला तर येतील लोक."

"आले?"

"न्हाई. आता म्हनतेत, तवाच बुजवला, म्हंजी खाली काहीतरी पुरलंच असल."

काका ओट्यावर होते. मला बघून "ये" म्हणाले, पाणी द्यायला सांगितलं. बोलले पावसापाण्याचं, अम्मीच्या तब्येतीचं. सभेबद्दल एक अक्षर नाही. आरोही घरात होती. मी हाक मारली. आतून "अभ्यास करतेय" एवढंच आलं. बारावीची परीक्षा तर मागेच संपली. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मोबाईलला हात लावत न्हाई आता. माझ्यामुळं झालं म्हनती. तूच सांग तिला काही."

मी दाराशी गेले. तिच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून परत आले.

निघताना काकू बोलल्या, "तुझ्या बापानं तर बाजारात उभं राहून सांगितलं. म्हाईत हाय ना तुला?"

मला माहीत नव्हतं.

मार्चमधल्या एका आठवडी बाजारात, भर गर्दीत, अब्बा एका ठेल्यावर चढले म्हणे. म्हणाले, माझ्या लेकीनं ग्यानबाला काहीच सांगितलं नव्हतं. फसवून सही घेतली. तो माझ्या तोंडाकडं बघून खोटं बोलला. त्याला दोष देऊ नका, माझ्या लेकीला द्या, मला द्या. तिथं ग्यानबा काकाही होते. ते पुढे झाले, अब्बांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं आणि लोकांना म्हणाले, "गुलामभाई दोस्तीपायी बोलून राह्यला. मला सांगितलं होतं."

लोकांनी काकांचंच खरं मानलं. दोघंही मिळालेले आहेत, असं म्हणू लागले.

परतीच्या बसमध्ये मला अब्बांचा राग आला. भर बाजारात लेकीला फसवणारी म्हणताना त्यांना काहीच कसं वाटलं नाही. कोणी शूट केलं असतं तर? सरांपर्यंत गेलं असतं तर? एवढं करून उपयोग शून्य. घरी आले तेव्हा ते नमाजाला बसले होते. मी जेवून घेतलं. त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि झोपायला गेले.

२० जून, हैदराबाद

निबंध स्वीकारला. तळाचे नमुने परीक्षकांनी मागितले होते. सरांनी कळवलं की स्थानिक कारणांमुळे ती जागा आता उपलब्ध नाही. चाललं. जागेचं नाव छापायचं नाही, 'ग्रामीण भारतातील एक जुना जलसाठा' असं लिहायचं. शेवटी एक ओळ सक्तीची असते, ती मीच टाइप केली: जागेच्या मालकाने पूर्ण माहितीनिशी, स्वेच्छेने संमती दिली.

कोण विचारणार? आणि विचारलंच तर शिक्क्याची नक्कल आहे.

टाइप करून झाल्यावर मी बराच वेळ हात धूत होते. शाई वगैरे काही नव्हती. उगीच.

१७ जुलै

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तुमच्या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा कोणता? मी म्हणाले, नमुन्यांची संख्या. पाचच आहेत. ते म्हणाले, प्रामाणिक उत्तर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अम्मी फोनवर रडली. अब्बांनी "मुबारक" म्हटलं आणि फोन लगेच तिच्याकडं दिला.

३ ऑगस्ट

आज अब्बांना मीच फोन केला. ते जवळ्याहून नुकतेच आले होते. ग्यानबा काका आणि काकू परभणीला लेकाकडं राहायला गेले. कायमचे. रान बटईनं द्यायला काढलं होतं, गावातला कोणी घेईना. शेवटी सिद्धेश्वर गावाकडचा एकजण तयार झाला. आरोही महिन्यापूर्वीच गेलीय, तिथं बीएला नाव घातलं. मी विचारलं, सायन्स का सोडलं? अब्बा म्हणाले, "माहीत नाही."

सामान भरायला गावातलं कोणी आलं नाही. अब्बांनी आणि टेम्पोच्या ड्रायव्हरनं मिळून भरलं. कपाट, पलंग, हळदीची दोन पोती, विकली न गेलेली.

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "माझ्याबद्दल काही म्हणाले का काका?"

"विचारलं त्यानं. टेम्पोत बसताना. हुमेराचं काम झालं का म्हणून."

"मग?"

"झालं म्हणालो. डॉक्टर झाली म्हणालो."

"त्यावर काय म्हणाले?"

"बरं झालं म्हणाला."

मी विचारलं, कसं म्हणाले? म्हणजे कसं? रागानं, की मनापासून, की नुसतंच? अब्बा म्हणाले, "लोक म्हणतात तसं म्हणाला, बेटा. बरं झालं."

मी पुन्हा एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी अम्मीला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला.